कुणाच्या तिकिटावर कुणाची बस

मुंबईच्या बसवर लिहायला बसलं की लेखणी आपोआप डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या खिडकीशी जाऊन बसते. १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची डिझेल डबलडेकर धावली. गाडी सजवली होती, फोटोंसाठी झुंबड होती, वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं दिली. त्याच्या आगेमागे शहरात कितीतरी मार्ग बंद झाले किंवा निम्म्यावर तोडले गेले. त्यांना कुणी हार घातला नाही. एके दिवशी थांब्यावरच्या पाटीवरून आकडा पुसला गेला आणि पंधरा मिनिटं ताटकळलेल्या माणसाला पानवाल्याने सांगितलं, ‘ती बंद झाली हो, आता दादरला उतरून दुसरी घ्या.’

गाडीचा इतिहास आणि मार्गाचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिला भरपूर लिहिला गेला आहे. दुसरा कळायला गाड्यांच्या मॉडेलपेक्षा हिशेबाच्या वह्या जास्त उपयोगी पडतात. गिरगाव, लालबाग, परळ, दादर या पट्ट्यातून दोन प्रकारच्या लाल गाड्या वर्षानुवर्षं ये-जा करत आल्या. एक बेस्टची, माणसाला कामावर आणि घरी नेणारी. दुसरी एसटीची, त्याला गावी नेणारी. खाती निराळी, वर्दी निराळी, मालक निराळे. पण दोन्ही चालल्या एकाच गणितावर: गच्च भरलेल्या गाडीने रिकाम्या गाडीला पोसायचं. हे गणित कसं जमलं आणि कसं विस्कटलं, याचा हा आढावा.

सुरुवातीला असं पोसणं-बिसणं काही नव्हतं. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली ती कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर, म्हणजे जिथे गिऱ्हाईक खात्रीचं तिथेच. खासगी कंपनी होती. तिने दुसरं काही करावं अशी अपेक्षाही नव्हती. १९०५ साली वीज आणि ट्राम एकाच कंपनीच्या छत्राखाली आल्या आणि ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. हा एकत्र संसार पुढे शंभर वर्षं टिकला, आणि माझ्या मते मुंबईच्या बसच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना हीच आहे. डबलडेकर तिच्यापुढे काहीच नाही.

बस आली १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. वर्ष संपेपर्यंत सहा लाख लोक बसले. पण हा मार्ग नकाशावर बघा. कुलाबा, कोट, बाजार. ज्या गिरणगावात शहरातली सर्वांत दाट वस्ती होती, त्या उत्तरेकडच्या भागाला बस मिळायला १९३४ साल उजाडलं. कारण कंपनीने कुठे लिहून ठेवलं असेल-नसेल, पण लालबाग-परळात फिरलेल्या कुणालाही ते सुचेल. गिरणी चाळीच्या हाकेच्या अंतरावर. भोंगा झाला की माणूस चालतच निघे. लांब जायचं तर परळच्या रस्त्याने दादरपर्यंत ट्राम होतीच. दादर टीटीमधला ‘टीटी’ म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली तरी टॅक्सीवाल्याला तेच नाव सांगावं लागतं.

१९३७ साली दुमजली बस आली. १९४० साली कुलाबा ते माहीम अशी मर्यादित थांब्यांची, म्हणजे लिमिटेड, सुरू झाली. शहर उत्तरेकडे सरकत असल्याची ही पहिली खूण. कचेरी कोटात आणि बिऱ्हाड दादर-माहीमला असा नवा मध्यमवर्ग तयार झाला होता. त्याला मधल्या प्रत्येक थांब्यावर थांबणारी गाडी नको होती.

७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली. तेव्हा २४२ बस आणि २३ मार्ग होते. तीन वर्षांत पालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत गेली. १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. आता बसला अशा ठिकाणी जावं लागणार होतं जिथे शेतं होती, तबेले होते, दोन थांब्यांच्या मध्ये काळोख होता. कंपनी गेली नसती. पालिकेला ‘जाणार नाही’ म्हणता येत नव्हतं.

मग या गाड्यांचे पैसे कोण देणार होतं? इथे तो वीज-ट्रामचा एकत्र संसार कामी आला. बेस्ट वीज पुरवते ती कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत, म्हणजे फक्त जुन्या शहराला. वांद्र्याच्या पुढे पश्चिम उपनगरात वीज दुसऱ्या कंपनीची. बस मात्र साऱ्या मुंबईची. वीज विभागाच्या नफ्यातून बसची तूट भरली जात होती, याचा साधा अर्थ असा की गिरगावातल्या खोलीत फिरणारा पंखा बोरिवलीतली बस चालवत होता. काळबादेवीच्या पेढीवरचे दिवे गोराईच्या शेवटच्या फेरीचं डिझेल भरत होते. गंमत म्हणजे गिरगावची मराठी कुटुंबं खोल्या विकून बोरिवलीला गेली, तेव्हा तिथे त्यांना दारात मिळालेली बस काही अंशी मागे राहिलेल्या शेजाऱ्यांच्या वीजबिलावर चालत होती. शेजाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी फारशी तक्रार झाली नसती असं वाटतं. चाळीत एकाच्या नळाचं पाणी दुसऱ्याच्या पिंपात जातच असे.

या काळात गाड्या पुष्कळ बदलल्या. ११ जून १९६२ ला गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस आली, वर तारा आणि खाली रबरी चाकं. मार्च १९७१ मध्ये ती बंद पडली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली आणि ती पाहायला रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे राहिले. १९६७ मध्ये पुढे इंजिनाचं धूड आणि मागे जोडलेला दुमजली डबा अशी विचित्र गाडीही निघाली. हे सगळं लहान मुलांच्या कुतूहलाचं आहे आणि ज्यांना हौस आहे त्यांनी आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात जाऊन पाहावं. नेमकी कोणती गाडी होती यापेक्षा तिला कोणता नंबर होता हे माणसं जास्त लक्षात ठेवत.

६६ नंबरच घ्या. कोटातून निघून काळबादेवी, भायखळा, लालबाग, परळ, दादर टीटी करत शीव गाठणारी ही गाडी म्हणजे ट्रामचीच वारस. तिच्यात कापडबाजारातला गुमास्ता, जे.जे.त नातेवाइकाला डबा घेऊन निघालेली बाई, केईएमला जाणारा पेशंट आणि लालबागला मसाला कांडायला निघालेली कोकणी मावशी एकाच वेळी असत. कंडक्टरच्या हातात तिकिटांची पेटी. अंगठ्याने तिकीट सरकवायचं, चिमट्याने टक्कन भोक पाडायचं, आणि दोरी ओढून एक टोल दिला की गाडी थांबणार, दोन दिले की सुटणार. डबलडेकर असली तर वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर लागत. नव्वदच्या दशकात नऊशेच्या आसपास असलेल्या या गाड्या पुढे का उतरणीला लागल्या, याचं निम्मं उत्तर त्या दुसऱ्या कंडक्टरच्या पगारात आहे.

(मुंबई-गोवा महामार्गाचा जुना १७ नंबर बदलून तोही ६६ झाला आहे. म्हणजे लालबागचा कोकणी माणूस घरापासून गावापर्यंत ६६ वरच असतो. योगायोग, पण बरा आहे.)

आता दुसऱ्या लाल गाडीकडे वळू.

एसटीच्या आधी महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर खासगी मोटारमालकांचं राज्य होतं. १९३२ च्या सुमारास हा धंदा वाढला. भरली की सुटणार, हेच वेळापत्रक. दोन मालकांत चुरस लागली की भाडं उतरायचं, एकजण दमला की दुसरा दुप्पट करायचा, आणि पावसाळ्यात खालच्या वाडीकडे कुणीच फिरकायचं नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने थोडा लगाम घातला. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी गाडी धावली. सुरुवातीला तीस बेडफर्ड गाड्या होत्या, लाकडी बांधणीच्या, काथ्याच्या बैठकीच्या. लवकरच शेवरले, फोर्ड, स्टुडबेकर, सेडन, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट अशी दहा जातींची खिचडी झाली. त्या काळच्या मेकॅनिकची दया येते. एका आगारात दहा कंपन्यांचे नटबोल्ट! महाबळेश्वरच्या हौशी लोकांसाठी ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’ नावाच्या पडदे आणि घड्याळ असलेल्या दोन आरामगाड्याही होत्या. १९५६ च्या सुमारास पत्र्याची बांधणी आली आणि आपण ज्याला लाल डबा म्हणतो त्याचं रूप ठरत गेलं.

पण एसटीचं खरं काम या गाड्यांत नव्हतं. ते होतं वस्तीच्या गाडीत. संध्याकाळी तालुक्याहून निघून शेवटच्या गावात मुक्काम करायचा, चालक-वाहकांनी देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत पथारी टाकायची, आणि पहाटे तीच गाडी दूध, शाळेची पोरं आणि कोर्टकचेरीची माणसं घेऊन परत निघायची. एसटीच्या भाषेत गाडी किती भरते त्याला भारमान म्हणतात. वस्तीच्या गाडीचं भारमान रडतखडत. तिची तूट भरून निघायची ती मुंबई-पुण्यासारख्या मार्गांवर. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई खेळांनंतर एसटीने आणलेल्या निमआराम गाड्यांना लोकांनी ‘एशियाड’ म्हटलं, आणि दादरच्या ज्या जागेवरून त्या पुण्याला सुटत तिचंही नाव एशियाड पडलं. एक्स्प्रेस-वे झाल्यावर २००२ मध्ये तिथूनच वातानुकूलित ‘शिवनेरी’ सुरू झाली. दादरला शिवनेरीत लॅपटॉप उघडून बसलेला आयटीवाला आपल्या तिकिटातून संगमेश्वरातल्या एखाद्या वाडीची पहाटेची गाडी चालवतो, हे त्याला कुणी सांगत नाही.

गिरणगावाचं आणि एसटीचं नातं याहून जवळचं होतं. गिरणी कामगार एकटा मुंबईत, बायकोमुलं गावी. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बरेच जण पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जात. घाटावरचे, साताऱ्या-कोल्हापूरचे, रेल्वेने नि मोटारीने. हळूहळू मुंबई सेंट्रल आणि परळची एसटी स्थानकं ही त्यांची गावची वेस झाली. गाडीच्या मागच्या बाजूला टपावर चढायची शिडी असे. जाताना वर ट्रंक, पत्र्याची बादली, गिरणीतून स्वस्तात घेतलेलं कापड. येताना तांदळाची गोणी, कुळथाचं पीठ, मे महिन्यात फणस. फणसावर सामानाचं तिकीट लावायचं की नाही यावरून वाहकाशी होणारी हुज्जत हा प्रवासाचाच भाग होता. कंडक्टर ओळखीचा निघाला तर निरोप, औषध, लग्नाची पत्रिका त्याच्याच हाती दिली जाई. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा याच स्थानकांवरून माणसं गावी गेली. त्यातली कितीतरी परत आली नाहीत.

गणपतीत परळच्या स्थानकावर जाऊन पाहावं. एकेका गावाची मंडळी एकेक गाडी ठरवून घेतात. याला एसटीच्या कागदोपत्री ‘प्रासंगिक करार’ असं भारदस्त नाव आहे, बोलताना मात्र सगळे ग्रुप बुकिंगच म्हणतात. हातात यादी घेतलेला एक काका, ‘आमचे दोन अजून लिफ्टमध्ये अडकलेत, पाच मिनिटं’ असं चालकाला विनवणारा दुसरा, मांडीवर मखराचे थर्मोकोल नाहीतर पुठ्ठ्याचे तुकडे सांभाळून बसलेली आजी. चाळींचे टॉवर झाले, काका कल्याणहून परळला आलेला असतो, तरी गाडी सुटते परळहूनच.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. एसटी मरेल असं तेव्हा बोललं गेलं. तसं झालं नाही, कारण रेल्वे स्टेशनावर सोडते आणि घर स्टेशनापासून अठरा-वीस किलोमीटर आत असतं. पण रेल्वेने आणि त्याहीपेक्षा खासगी ट्रॅव्हल्सनी एक गोष्ट नक्की केली: भरल्या गाडीतली माणसं काढून घेतली. दादर, लालबाग, परळच्या नाक्यानाक्यावर रात्री नऊनंतर उभ्या राहणाऱ्या स्लीपर गाड्या कोल्हापूर, सावंतवाडी, गोव्याच्या असतात. त्या कुठल्याही वाडीत वस्तीला जात नाहीत. त्यांनी का जावं? १९४८ च्या आधीचे मोटारमालकही जात नव्हते. सणासुदीला भाडं दुपटी-तिपटीने वाढतं तेही तसंच. या एका बाबतीत आपण फिरून १९३२ ला आलो आहोत, फरक एवढाच की आता सीटला चार्जिंगचं भोक आहे. दोष त्या मालकांचा नाही. मलईच्या मार्गावर त्यांना मोकळं सोडून वस्तीच्या गाडीचा भार एकट्या एसटीवर ठेवणाऱ्यांचा आहे.

बेस्टचंही तेच झालं, वेगळ्या वाटेने. २००३ च्या वीज कायद्यानंतर विजेच्या ग्राहकाने बसची तूट का भरावी, हा प्रश्न विचारला गेला. प्रश्न न्याय्यच होता. काही वर्षं वाहतुकीच्या तुटीचा वेगळा आकार वीजबिलात लागत राहिला, मग तोही बंद झाला. गिरगावचा पंखा आणि बोरिवलीची बस यांची ताटातूट झाली. पण पंख्याची जागा दुसऱ्या कुणी घ्यायची, हे कुणी ठरवलंच नाही. २०१० च्या आसपास साडेचार हजारांहून अधिक बस आणि रोजचे चाळीस लाखांवर प्रवासी असलेल्या उपक्रमाची घसरण तिथून सुरू होते. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचारी नऊ दिवस संपावर होते. त्याच वर्षी जुलैत पालिकेच्या पैशावर किमान भाडं पाच रुपयांवर आणलं; गाड्या पुन्हा भरल्या, लोक खूश झाले. पण त्यासोबत भाडेतत्त्वावरच्या बस आल्या.

भाडेतत्त्व म्हणजे गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, आणि त्याला पैसे किलोमीटरमागे. गाडीत माणसं चार आहेत की चाळीस, याने त्याच्या बिलात फरक पडत नाही. वरवर पाहता हे बसच्या जुन्या धर्माला धरूनच आहे, कारण रिकाम्या गाडीलाही पैसे मिळतात. मात्र जुन्या व्यवस्थेत रिकामी गाडी चालवायचा निर्णय आणि तिचा तोटा एकाच घरात होते. आता निर्णय एकीकडे, गाडी दुसरीकडे, चालकाचं प्रशिक्षण तिसरीकडे. काही कंत्राटदार परवडत नाही म्हणून मध्येच सोडून गेले आणि त्यांच्या गाड्या ज्या मार्गांवर होत्या तिथले प्रवासी थांब्यावर उभेच राहिले. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात ३३२ मार्गावरच्या अशाच एका इलेक्ट्रिक बसने माणसं चिरडली, तेव्हा ही वाटणी सगळ्यांना दिसली. बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या आता तीन आकड्यांत आहेत. मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचाचं दहा झालं, वातानुकूलितचं सहाचं बारा.

गाड्या कमी झाल्या की आधी लांबचे मार्ग तुटतात. एका टोकाला वाहतूक अडली की दुसऱ्या टोकाचं वेळापत्रक कोलमडतं, म्हणून लांब मार्गाचे दोन तुकडे करायचे हे कागदावर शहाणपणाचं दिसतं. ज्या बाईला एका तिकिटात परळहून घरी जाता येत होतं तिला आता दोन तिकिटं आणि दोनदा वाट पाहणं आलं, हे त्या कागदावर कुठे लिहायचं? ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावते. गिरगाव, काळबादेवी, दादर इथे स्थानकं झाली. त्यामुळे बसने आता मेट्रोची आणि लोकलची पोरसवदा मदतनीस व्हावं, स्टेशन ते गल्ली एवढंच काम करावं, असं बऱ्याच नियोजनकारांना वाटतं. मला हे अर्धवट पटतं. गिरगावात मेट्रो उपयोगाची आहे. पण लालबाग, काळाचौकी, शिवडीला मेट्रो नाही, आणि केईएम, टाटा, वाडियाला येणारा आजारी माणूस तीन वाहनं बदलणार नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा जुना पूल पाडायला बंद केला. परळहून प्रभादेवीकडे जाणारी वाट एकतर टिळक पुलाने नाहीतर करी रोडकडून वळसा घालून. वळशाचे जादा किलोमीटर बिलात चढतात, प्रवाशाच्या वेळेचे जादा तास कुणाच्याच बिलात नाहीत.

एसटीला मात्र नवा देणेकरी सापडला आहे: राज्य सरकार. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धं तिकीट; उरलेली रक्कम सरकारने भरून द्यायची. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपानंतर रिकाम्या पडलेल्या स्थानकांवर पुन्हा गर्दी झाली ती बायकांची. परळच्या स्थानकावर सकाळी पाहिलं तर सासरहून माहेरी निघालेल्या, पूर्वी वर्षातून एकदा जाणाऱ्या, बायका आता अधूनमधून जाताना दिसतात. ही योजना निवडणुकीची म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी एकदा ती रांग पाहावी. प्रतिपूर्तीची रक्कम वेळेवर पोहोचते का, हा निराळा आणि खरा प्रश्न आहे. नाही पोहोचली तर आधी टायर जुने राहतात, मग गाड्या.

गाडी जुनी असो की नवी, ती जाते तो रस्ताही कुणीतरी सांभाळायचा असतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्यासोबत मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या. लालबाग-परळच्या कोकणी घरांत तेव्हापासून पावसाळ्यात गाडी महाडच्या पुढे आली की नाही याचा फोन होतोच.

२०२५ च्या गणपतीसाठी एसटीने पाच हजार जादा गाड्यांची घोषणा केली. या गाड्या राज्यभरातल्या आगारांतून मुंबईत रिकाम्या यायच्या, कोकणात भरून जायच्या. रिकाम्या फेरीचा तोटा भरून काढायला एकेरी ग्रुप बुकिंगवर तीस टक्के जादा भाडं लावायचं ठरलं. ओरड झाली आणि काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. चाकरमानी जुन्याच दरात गावी गेले. त्या रिकाम्या गाड्यांचं डिझेल कुणी भरलं, विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणत्या आगारात त्या आठवड्यात कोणती वस्तीची गाडी सुटली नाही, याची चौकशी परळच्या स्थानकावर तरी कुणी केल्याचं ऐकिवात नाही.